मोटर जळाली म्हणून सांगू का?

"भाभी, कुछ नहीं हुआ. कंडेन्सर गया निस्ता. अडीचशेत चालू करून देतो," मिस्त्री भाई म्हणला आणि माझं तोंड पडलं. म्हणजे पडलेलं मला कळलं नाही, त्याला कळलं. तो धुण्याच्या मशीनच्या मागं उकिडवा बसलेला, मागचं पॅनल काढून भिंतीला टेकवलेलं, एका हातात टेस्टर आणि दातात स्क्रू धरलेला. त्यानं तो स्क्रू तोंडातून काढला, एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा दाराकडं बघितलं आणि आवाज बारीक करून म्हणला, "नवा लेने का था क्या?" मी काहीच बोलले नाही. मग अजून बारीक आवाजात म्हणला, "साब को बोलूं क्या, मोटर जल गई बोलके?"

ह्या गोष्टीला दोन महिने होत आले पण ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. धुणं टाकताना आठवतं, भाकरी थापताना आठवतं. एक परका माणूस, ज्याचं पोटच दुरुस्तीवर चालतं, तो माझ्यासाठी खोटं बोलायला तयार झाला, तेही मी न मागता, नुसतं माझ्या तोंडाकडं बघून. आणि त्यात त्याचं नुकसानच होतं की, नवीन मशीन घेतलं असतं तर त्याला काय मिळणार होतं. घरातल्या माणसांना इतक्या वर्षांत जे दिसलं नाही ते ह्याला दातात स्क्रू धरून दिसलं.

मी काय केलं, तर म्हणलं, "चहा घेता ना भाई?"

मशीन बंद पडलं ते येळवसच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला सांगायला नको येळवसचं धुणं काय असतं ते. दिवसभर शेतात, कडब्याच्या कोपीपुढं बसून जेवणं, भज्जीचे हात टॉवेलला, आंबिलीचे ओघळ लेकरांच्या शर्टावर, आणि सगळ्यावर काळ्या रानाची माती. ती माती वाळली की झटकून जाईल असं वाटतं पण पाणी लागलं की परत जिवंत होते, निस्ती चिकटते. त्यात तो नेमका पाण्याचा दिवस निघाला. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो, कधी त्याच्याही पुढं ढकलतो, त्यामुळं आमच्या घरात वार नसतेत, पाण्याचा दिवस आणि बाकीचे दिवस एवढंच कॅलेंडर. पहाटं साडेतीनला पाणी आलं, टाकी भरली, हौद भरला, बादल्या घागरी सगळं भरलं, सहाला मी पहिला घाणा टाकला आणि टाईमर फिरवला. टिकटिक सुरू झाली. पण खालची चक्री काही फिरेना. निस्तं घूंऽऽऽ. म्हशीच्या पोटात गॅस झाल्यावर ती जशी कण्हते तसं. बंद केलं, परत चालू केलं, परत घूंऽऽऽ. आत कपडे भिजलेले, पावडर टाकलेली, पाणी सगळं काळं झालेलं, आणि मी त्या टबाकडं बघत उभी.

आणि खरं सांगते, त्या क्षणाला मला आनंद झाला होता. मेलं एकदाचं, असं वाटलं.

आमचं मशीन सेमी-ऑटोमॅटिक, २०११ ला घेतलेलं, साडेसात हजाराला. तेव्हा लेक पाचवीला होती. एका बाजूला धुवायचा टब, दुसऱ्या बाजूला पिळायचा. ह्यांनी ते आणल्या आणल्या चार विटांवर चढवलं, कशाला तर पाणी सोडायची नळी बादलीत पडावी म्हणून. तेव्हापासून मशीनचं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही हा घरातला कायदा. पहिला घाणा पांढऱ्या कपड्यांचा, त्याच साबणाच्या पाण्यात दुसरा रंगीत, त्याच्यात तिसरा ह्यांच्या आडतीवरच्या पँटी, मार्केट यार्डातली सोयाबीनची धूळ पार शिवणीत बसलेली असते, आणि शेवटी पायपुसणी. मग ते पाणी नळीतून बादलीत. बादली भरत आली की नॉब फिरवून बंद करायचं, बादली ओढायची, दुसरी लावायची, परत नॉब. ते पाणी संडासाला, अंगण धुवायला, गाडी पुसायला. खळबळून निघालेलं पाणी वेगळं, ते पुढच्या घाण्याला. म्हणजे एक पाणी चार वेळा कामाला लागल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. हे सगळं करायला मशीनपाशी अडीच-तीन तास उभं राहावं लागतं हे मात्र कुणी धरत नाही. ओला जीन्स पँटीचा गोळा ह्या टबातून त्या टबात उचलून टाकायला किती जोर लागतो ते कधी करून बघा. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजेवर बसून म्हणतेत, "तुमचं काय बाई, बटन फिरवलं की झालं. आम्ही धोपाटण्यानं धुतलो, विहिरीवर, पाठीशी लेकरू बांधून." खरंय त्यांचं. पण त्यांनी पंधरा-वीस कपडे धुतले असतील, सात माणसांच्या घरात प्रत्येकाला दोन-तीन जोड. आमच्यात माणसं तीन राहिली आणि कपड्याचं कपाट मिटत नाही. हे मी त्यांना बोलत नाही.

चालतंय म्हणून चाललं होतं, एवढंच. लॉकडाऊनमध्ये पिळायच्या टाईमरचं बटन तुटलं. दुकानं बंद, मग ह्यांनी आत राहिलेला दांडा फिरवायला पक्कड दिली, चार दिवसांसाठी. ती पक्कड अजून मशीनवर आहे. पाहुणी आलेली बाई धुणं टाकायला गेली की विचारते, हे कशाला, आणि मी प्रेमानं दाखवते, असं धरायचं, असं फिरवायचं, फार नाही, नाहीतर दांडा झिजतो. पाण्याचे क्षार तर इतके की टबाच्या काठाला पांढरी कड आलीय, नखानं खरवडली तर पापुद्रा निघतो. आमच्या बोअरचं पाणी जडच आहे, त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हीटरची कांडी दोन महिन्यात चुन्यात बुडवून काढल्यासारखी होते. नळाचं पाणी पुरलं नाही की बोअरचं मिसळायचं आणि मशीननं ते मुकाट पोटात घ्यायचं. महिन्याला लिंबूफूल टाकून मोकळं फिरवायचं असं मीच सगळ्यांना सांगते आणि माझ्याच्यानं वर्षातून एकदा होतं.

लेकीला फोन केला तर ती पुण्याहून म्हणली, "मम्मी, फेक ते. एक्सचेंजमध्ये दे, ऑटोमॅटिक घे, हप्ता मी भरते." तिच्या फ्लॅटवर मी बघितलंय ना ते. कपडे टाकते, झाकण लावते, बटन दाबते आणि आंघोळीला जाते. आंघोळीला! मशीन चालू असताना! मी तिथं दोन दिवस मशीनसमोर खुर्ची घेऊन बसले होते, आता काही करावं लागेल, मग काही करावं लागेल, काहीच करावं लागलं नाही. शेवटी गाणं वाजवून बंद झालं. ह्यांचं मत नेहमीचंच, चालतंय तोवर चालवायचं. बंद पडलंय म्हणलं तर दुरुस्त करून चालवायचं. त्यांनी त्या रात्री फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड पण टाकलं, सरकारनं २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलंय, त्यात मोबाईल, गाड्या, शेतीची अवजारं, घरातल्या वस्तू सगळं आहे, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती द्यायची वगैरे. लेकीनं खाली हात जोडल्याचा इमोजी टाकला. मला वाटलं हक्क दुरुस्तीचा असतो तसा कंटाळा यायचा पण असावा. शेजारच्या काकूंनी तिसरंच सांगितलं. त्यांचं ऑटोमॅटिक दीड वर्षात गेलं होतं, व्होल्टेज खालीवर झालं आणि आतलं कार्ड जळालं, साडेचार हजार, आणि कंपनीचा माणूस नवव्या दिवशी उगवला. नऊ दिवस काकूंनी मोरीत बसून हातानं धुतलं. तेव्हा मी त्यांना दोन घाणे आमच्या मशीनवर धुवून दिले होते आणि मनात बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

तर भाई. ह्याच्या अगोदर दोनदा आला होता, एकदा उंदरानं खालून वायर कुरतडली तेव्हा, एकदा पट्टा बदलायला. त्यानं मशीन चालू करायला सांगितलं, घूंऽऽऽ झालं, त्यानं मागून हात घालून पुली थोडी ढकलली आणि चक्री फिरायला लागली. एकदम. आतल्या त्या काळ्या पाण्याला भोवरा पडला. "देखो," तो म्हणला, "मोटर जिंदा है. सुरुवात का धक्का नहीं मिलता उसको, बस." तो धक्का कंडेन्सर देतो म्हणे. मी त्या भोवऱ्याकडं बघत होते आणि माझं तोंड पडलं ते तेव्हा. एवढंच निघालं? कॅन्सर निघेल म्हणून टेस्ट करावी आणि ऍसिडिटी निघावी, आणि माणसाला वाईट वाटावं, असा काहीतरी पापी प्रकार.

चहा होईपर्यंत मी ओट्यापाशी उभी राहून हिशोब करत होते. हो म्हणलं तर काय होईल. भाई सांगणार, मोटर जळाली, खर्च अडीच-तीन हजार. हे म्हणणार, एवढ्या जुन्याला एवढा खर्च नको. झालं. एका वाक्याचं काम होतं. घरात आजपर्यंत कितीतरी गोष्टी अशाच आल्यात की, मिक्सरचं भांडं "पडलं" म्हणून नवीन मिक्सर आला, ते कसं पडलं ते मला माहिती. पण ह्या मशीनच्या बाबतीत जीभ उचलेना. आणि त्याचं कारण मला उकळत्या चहात सापडलं, २०१६.

त्या सालाचं काय सांगायचं, सगळ्यांनी भोगलंय. मांजरा धरण आटलं, पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम लागलं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. टीव्हीवाले आले, रेल्वेला हार घातले. आमच्या घरात तेव्हा धुणं हा शब्दच बंद झाला होता. कपडे उन्हात टाकायचे, झटकायचे, परत घालायचे. नांदेडला बहिणीकडं लग्न होतं तर आहेराच्या पिशवीबरोबर मी चार चादरी आणि दोन पोती कपडे बांधून एसटीत चढवले, कंडक्टर म्हणला, ताई लग्नाला चाललाव का घर बदलाव लागलाव. गोदावरीच्या गावात तीन दिवस मी निस्तं धुतलं. लोक हळदीला आणि मी नळाखाली. आणि इकडं घरी मशीन काय करत होतं, तर पाणी धरून बसलं होतं. टँकर आला की घागरी, पातेली, कुकर, लेकीची वॉटरबॅग सगळं भरायचं आणि मग मशीनचे दोन्ही टब... नाही, एकच. पिळायच्या टबाला भोकं असतात, त्यात कुठलं राहणार. धुवायच्या टबात मात्र तीन बादल्या बसायच्या. नॉब गच्च बंद करून, वर झाकण, झाकणावर जुनं लुगडं. ते भांड्याचं पाणी. रात्री मी उठून नळीच्या तोंडाला बोट लावून बघायचे, थेंब तर गळत नाही ना. चार महिने त्या मशीननं एक कपडा धुतला नाही, निस्तं पाणी सांभाळलं, आणि एक थेंब गळू दिला नाही.

आता अशा मशीनची मोटर जळाली म्हणून कुणाला खोटं कसं सांगायचं?

भाईनं चहा बशीत ओतून घेतला. मी काही बोलेना म्हणल्यावर त्यानं पण परत विचारलं नाही, शहाणा माणूस. पिशवीतून कंडेन्सर काढला, डबी एवढीशी, दोन वायरी जोडल्या, टेप गुंडाळला. जाताना म्हणला, भंगारात दिलं असतं तर आतलं तांबंच विकलं गेलं असतं, बाकी बॉडीला कोण विचारतं. अडीचशे घेतले. पाच वाजता हे आले, मशीन चालू बघून इतके खूष झाले, "बघ, म्हणलं होतं ना, अडीचशेत काम!" आणि मी, जिनं आत्ताच ह्या मशीनला वाचवलं होतं, ती त्यांच्यावर अशी काही भडकले की विचारू नका. पक्कड उचलून त्यांच्यापुढं ठेवली. म्हणलं पुढच्या पाण्याच्या दिवशी तुम्ही उभं राहायचं. म्हणलं अडीचशे तुम्हाला दिसतेत, माझी कंबर कुठल्या वहीत लिहिता? आडतीवर पावशेराचा हिशोब ठेवता ना? ते बिचारे चपला न काढता तसेच उभे. मग म्हणले, "अगं, मग नवीन पाहिजे होतं तर बोलायचं ना."

बोलायचं ना! इतकं सोपं होतं होय ते. मला अजून राग आला.

त्याच रविवारी गंजगोलाईच्या बाजारात नेलं मला, आजूबाजूच्या रस्त्याला एका दुकानात. दुकानात एसी, ओळीनं मशीनं मांडलेली, झाकणं काचेची, आत हात घालून बघितलं तर टब लखलखीत, कुठं क्षार नाही की नखाचा ओरखडा नाही. पोरगं भराभर सांगत होतं, इतके प्रोग्रॅम, तितकी वॉरंटी. मी विचारलं, "ह्यातलं साबणाचं पाणी दुसऱ्या घाण्याला ठेवता येतं का?" ते म्हणलं, "मॅडम, ते ड्रेन होतं. ऑटोमॅटिक." "कुठं?" "बाहेर." "आणि खळबळलेलं?" "ते पण बाहेर." "मधीच थांबवलं तर?" त्यानं आतल्या मोठ्या सेल्समनला बोलावलं. तो माणूस आमच्या गल्लीसारख्याच कुठल्यातरी गल्लीतला असणार, लगेच समजला. म्हणला, ताई, एका वेळेला शंभर लिटर धरून चला, टॉप लोड आहे, आणि नळीखाली पिंप ठेवायचं असेल तर मशीन उंचावर लागेल, पण पाणी जोरात येतं, बादली बदलायला टाईम देत नाही ते. हे माझ्याकडं बघायला लागले. त्यांनी खिशात कार्ड आणलं होतं, मला माहिती होतं, सकाळीच बघितलं होतं मी. मी काचेच्या झाकणावरनं हात फिरवला. शंभर लिटर. म्हणजे सात बादल्या. मी परत मोजल्या.

घरी येताना आम्ही दोघं काही बोललो नाही. सेमीचं नवीन मॉडेल घेऊ का, त्यांनी सिग्नलपाशी विचारलं. मी म्हणलं, जे आहे ते काय वाईट आहे. आणि हे म्हणताना मला माझाच इतका वैताग आला. पाऊस बरा झालाय, धरणात पाणी आहे, टाकी हजार लिटरची आहे, लेक हप्ता भरते म्हणते, नवरा कार्ड घेऊन दुकानात उभा राहतो, आणि मी सात बादल्या मोजत बसते. काकू मोजत नाहीत. त्या पण २०१६ ला ह्याच गल्लीत होत्या, माझ्याच पुढं रांगेत होत्या टँकरच्या. त्यांचं मशीन धडाधड पाणी मोरीत सोडतं आणि त्या आत सिरीयल बघतेत. मला त्यांचा हेवा मशीनचा वाटत नाही, त्या सिरीयलचा वाटतो. पाणी चाललंय आणि बाईचं लक्षच नाही. असं एकदा तरी जमायला पाहिजे मला.

परवाचा पाण्याचा दिवस. नळ रात्री दीडलाच आला, झोप झालेली नाही, पांढरे निघाले, रंगीत निघाले, पँटी निघाल्या. हे आडतीवर गेलेले. पायपुसणी टाकायची राहिली होती. मी नळीखालची बादली पायानं बाजूला सारली आणि नॉब फिरवला. पाणी भसकन मोरीत. आधी राखाडी, मग त्याच्यावर थोडा फेस, मोरीच्या जाळीपाशी गोल फिरून खाली. किती आवाज करतं ते, मला माहितीच नव्हतं. चौदा वर्षं बादलीत पडताना ऐकलं होतं, बादलीत आवाज भरत जातो आणि बारीक होतो. हा बारीकच होईना. मी भिंतीला टेकून उभी राहिले, काहीच न करता.

"कोण सोडलं गं पाणी?" बाजेवरनं आत्या ओरडल्या. कानानं ऐकू येत नाही म्हणून दोनदा डॉक्टरला दाखवलंय त्यांना.

मी नॉबकडं बघितलं. अर्ध्याच्या वर टब रिकामा झाला होता.

"काय की आत्या," मी म्हणलं, "नॉब बिघडलाय वाटतं."

"मग बोलव की त्या भाईला," त्या म्हणल्या, "जळालं असंल आतलं काहीतरी."